चिता कुठे होती, ते दाखवा

माझ्या धाकट्या बहिणीला सरकारी कागदात 'फरार' म्हटलं आहे. तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा राग यायच्या आधी मला हसू आलं. बीडच्या एसटी स्टँडवरून ती इंग्लंडला जायला निघाली, त्या दिवशी तिला पोचवायला अर्धी गल्ली आली होती. कुणी शेंगदाण्याची चटणी दिली, कुणी ज्वारीचं पीठ बांधून दिलं, आणि शेजारच्या काकूंनी भर मे महिन्यात तिच्या गळ्यात मफलर गुंडाळला. तिचा धाकटा दीरही आला होता. त्यानंच तिची बॅग गाडीच्या डिकीत ठेवली, तिच्यासोबत फोटो काढला आणि गाडी हलायच्या आत तो मोबाइलच्या स्टेटसला टाकला. वर लिहिलं, 'वहिनींना परदेशगमनाच्या हार्दिक शुभेच्छा.' इतक्या थाटामाटात फरार झालेलं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

त्याच दिरानं पुढे ठाण्यात तक्रार दिली की वहिनीनं माझ्या भावाला जेवणातून विष घालून मारलं आणि परदेशात पळून गेली. ठाणं कुठलं ते मी सांगत नाही. मला भीती वाटते म्हणून नव्हे. केस अजून चालू आहे म्हणून.

मी बीडमध्ये भांड्यांचं दुकान चालवते. वडिलांचं होतं, त्यांच्यानंतर मी गादीवर बसले. माझा आवाज मोठा आहे आणि स्वभाव त्याहून. या अक्काच्या दुकानात घासाघीस करायला गेलं की आधी भांडी वाजतात आणि मग अक्का, असं बाजारात म्हणतात. बहीण माझ्या अगदी उलट. हळू बोलणार, पण एकदा नाही म्हणाली की नाही. नर्सिंगचं शिकली आणि केजच्या पलीकडच्या एका गावात दिली. आमच्यासारखंच लिंगायत घर, थोडी शेती, थोडं किराणा दुकान. नवरा भला माणूस होता. आम्ही त्यांना पाव्हणे म्हणायचो. त्यांना छातीचं दुखणं होतं, आणि बीडच्याच डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या.

एका दुपारी ते अंगणात कोसळले. जीप केली, आंबेजोगाईच्या वाटेला लागली, आणि दवाखाना यायच्या आत सगळं संपलं. जीपमध्ये बहीण होती आणि हा धाकटा दीर होता. डॉक्टरांनी हृदयाचा झटका म्हणून लिहून दिलं, कुणाला शंका आली नाही, कुणी शवविच्छेदन मागितलं नाही. संध्याकाळच्या आत पाव्हण्यांना त्यांच्याच शेतात समाधी दिली. आमच्यात माणसाला न्हाऊ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि बसलेला असतानाच माती देतात. देह बसवताना खाली खड्ड्यात कुणीतरी उतरून धरावं लागतं. त्या दिवशी दीर उतरला होता. तो रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणते.

खोटेपणा नंतर आला, रस्त्याबरोबर. शेताच्या कडेचा रस्ता रुंद झाला, आजूबाजूच्या वावरांत प्लॉट पाडायच्या चुन्याच्या रेघा पडल्या, आणि दिराला एकदम आठवलं की भावाच्या मागे वहिनीच्या नावावर आलेला हिस्सा अजून वहिनीच्याच नावचा आहे. मग हक्कसोड पत्र आलं. आपला हिस्सा मी राजीखुशीनं सोडला, असं बाईनं रजिस्ट्री ऑफिसात जाऊन लिहून द्यायचं. आमच्याकडे हजारो बायकांनी दिलं आहे. बहीण म्हणाली, वाचून सही करीन. दीर म्हणाला, घरच्या कागदात काय वाचायचं असतं? तिनं कागद वाचला, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिला.

मग ती इंग्लंडला गेली. तिथे म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या एका संस्थेत काम मिळालं. दीर पोचवायला का आला होता, ते मला उशिरा कळलं. त्याला वाटलं, बाई लांब गेली की मऊ पडेल. तो फोनवर मुखत्यारपत्र मागत राहिला, ती नाही म्हणत राहिली, आणि तिच्या शेवटच्या नकारानंतर लगेच ती खुनी ठरली.

तिला पकडलं त्या दिवशी माझ्या दुकानात लग्नाच्या भांड्यांचं गिऱ्हाईक बसलं होतं. फोन आला.

"अक्का, घाबरू नको. पोलीस आलते. लई नीट बोलले. कोर्टात नेलं, जामीन झाला. पण पासपोर्ट ठेवून घेतला, अन् पायात पट्टा घातलाय."

"जनावराला घालतेत तसा?"

"न्हाई गं. घड्याळावानी हाय. घराबाहेर वेळेच्या पुढं ऱ्हायले की तिकडं कळतंय."

पट्टा असलेल्या बाईला म्हाताऱ्यांच्या संस्थेत कोण ठेवणार? काम गेलं. एका खोलीत ती बसून राहिली, आणि इथं आम्ही प्रत्यार्पण हा शब्द शिकलो. एका देशानं दुसऱ्या देशाला सांगायचं, आमचा आरोपी तुमच्याकडे आहे, तो आमच्या हवाली करा. हवाली केली असती तर ती थेट इथल्या तुरुंगात गेली असती, आणि ज्या तालुक्यात दिराचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात तिथे तिच्यावर खुनाचा खटला चालला असता. बाहेर कधी आली असती, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

लंडनमध्ये तिला सरकारी खर्चानं एक वकीलबाई मिळाली. वयानं लहान, बोलायला सरळ. इथे आमचे वडिलांच्या ओळखीचे वकीलसाहेब होते, बीडच्या कोर्टात आयुष्य काढलेले. मोबाइलवर तिघांचं बोलणं व्हायचं आणि मधे बहीण स्वतःच्याच खटल्याची दुभाषी व्हायची. वकीलबाई म्हणाली, आपल्याकडे दोन हत्यारं आहेत. एक, समोरच्यानं दडवून ठेवलेले कागद मागायचे. दोन, ही सगळी कारवाईच वेगळ्या हेतूनं चालली आहे, कोर्टाला हाताशी धरून कुणीतरी स्वतःचं काम साधतंय, असं सिद्ध करायचं. दुसरं जमलं तर न्यायाधीश म्हणू शकतात की अशा कामाला मी हात लावणार नाही. पण ते फार क्वचित जमतं. कारण कोर्ट असं धरून चालतं की मागणी करणारं सरकार प्रामाणिक आहे. तसं नसेल तर ते आपण दाखवायचं.

"कशावरून दाखवायचं?" मी विचारलं. "कागद तर त्यांच्या कपाटात."

बहिणीनं ते इंग्रजीत सांगितलं. वकीलबाई हसली आणि म्हणाली, अडचण नेमकी तीच आहे. वर हेही म्हणाली की बघू, काहीतरी सापडेल, म्हणून तिथे कागद मागता येत नाहीत. कोणता कागद हवा आणि का हवा, हे बोट ठेवून सांगावं लागतं.

म्हणजे कपाटात काय आहे ते माहीत असल्याशिवाय कपाट उघडायला सांगायचं नाही. मी फोन ठेवला आणि गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात मोठ्यानं शिव्या दिल्या. कुणाला ते सांगत नाही, सगळ्यांनाच.

सरकारनं लंडनला पाठवलेला गठ्ठा वकीलबाईनं आमच्याकडे पाठवला. इंग्रजी भाषांतर आणि मागे मूळ मराठी. वकीलसाहेबांनी कलमं पाहिली, तारखा पाहिल्या, सह्या पाहिल्या. वकीलबाईनं इंग्रजी वाचलं. बहिणीला वाचवेना, नवऱ्याच्या मरणाचं असलं वर्णन कोण वाचेल? आणि मी दर वेळी 'विष' या शब्दापर्यंत यायची आणि कागद भिरकावून द्यायची. असे कितीतरी आठवडे गेले. तिकडे तारखा पडत होत्या.

एका दुपारी ऊन फार होतं, बाजार ओस पडलेला. मी ठरवलं, आज विषाच्या पुढे जायचं. दिराचा जबाब काढला. 'सदर जबाब माझे सांगण्याप्रमाणे लिहिला असून मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' हे शेवटी. त्याच्या वर एक वाक्य होतं. आरोपी महिलेनं नातेवाइकांची वाट न पाहता मयताची चिता रचून घाईघाईने अग्नी दिला व राख पाण्यात सोडून पुरावा नष्ट केला.

मी ते दोनदा वाचलं. मग इतक्या मोठ्यानं हसले की कळशीला पोचा आहे का ते बघत उभी असलेली बाई कळशी ठेवून निघून गेली.

चिता! आमच्या घरात! राख पाण्यात! जो माणूस स्वतः खड्ड्यात उतरून भावाला मांडी घालून बसवत होता, तो सांगतोय की भाऊ जळला. मग कळलं की तो सांगतच नाहीये. कुणीतरी दुसऱ्या कुठल्या प्रकरणातला मजकूर उचलला, माणसं बदलली, आणि याला म्हटलं, इथे सही कर. लिंगायताला जाळत नाहीत हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि सही करणाऱ्यानं वाचलं नव्हतं. वकीलसाहेबांच्या घरी जाळतात, त्यांना ते वाक्य खटकलं नाही. वकीलबाईला हिंदू जाळतात एवढंच माहीत. एवढ्या शिकल्यासवरल्या डोळ्यांखालून ती चिता पेटलेली तशीच निघून गेली, आणि माझ्याही, कारण मी रागानं आंधळी झाले होते.

आणि सगळ्यात मला झोंबलं ते हे की माझी बहीण आज खुनी आहे ती न वाचता सही केली नाही म्हणून, आणि हा फिर्यादी आहे तो न वाचता सही केली म्हणून.

वकीलसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. संध्याकाळी लंडनला फोन लावला. वकीलबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. बहिणीनं तो मराठीत सांगायला तोंड उघडलं, आणि तिला रडू कोसळलं.

"अक्का, ती विचारायली, ते अजून तिथंच हायेत का?"

"तिथंच हायेत म्हण," मी सांगितलं. "बसलेत म्हण. कुठं जात न्हाईत."

आता बोट ठेवायला जागा सापडली होती. वकीलबाईनं कोर्टात मागणी केली. जबाबाची मूळ प्रत दाखवा, ती कुणी लिहिली ते सांगा. जबाब घेतला त्या दिवशीची ठाण्याची दैनंदिनी दाखवा. आणि चितेच्या जागेचा पंचनामा केला असेल तर तो दाखवा. केला नसेल तर चिता कुठे होती, ते दाखवा. न्यायाधीशांनी सरकारला उत्तर द्यायला सांगितलं.

उत्तर आलं. लेखनिकाची चूक झाली आहे. 'अग्नी दिला' ऐवजी 'अंत्यविधी केला' असे वाचावे. बाकीचे कागद तपासाचे असल्याने देता येत नाहीत.

मी वकीलसाहेबांच्या टेबलावर हात आपटला. अग्नीचा अंत्यविधी वाचायचा, ठीक. मग राखेचं काय वाचायचं? पाण्याचं काय वाचायचं? माणूस चुकून एक अक्षर चुकतो, चुकून अख्खी चिता रचतो का? वकीलसाहेब म्हणाले, "ताई, हे मला नका सांगू, मला पटलंय." पण लंडनची वकीलबाई सावध होती. सरकार चूक म्हणतंय तर कोर्ट कदाचित चूकच धरेल. समाधी आहे असं सांगणारं कुणीतरी हवं, आणि ते सासरच्या घरातलं हवं. बहिणीची बहीण काय, बहिणीच्याच बाजूनं बोलणार.

"निदान मला तरी बोलू द्या. इथून मोबाइलवर बोलते त्यांच्या कोर्टाशी," मी म्हटलं.

त्यालाही एक मेख होती. दुसऱ्या देशात बसून तिथल्या कोर्टात साक्ष द्यायची तर आपल्या देशाची हरकत नसावी लागते. म्हणजे जे माझ्या बहिणीला मागतायत, त्यांनाच विचारायचं की मी तिच्या बाजूनं बोलू का! मी म्हटलं, राहू द्या, मी परवानगी मागणार नाही. प्रतिज्ञापत्र लिहून देणारं माणूस मी शोधून आणते.

सोमवारी केजला उतरून काळी-पिवळी जीप पकडली. गावाच्या अलीकडे, नव्या रस्त्याला लागून ते वावर. मधोमध चुन्याच्या रेघा मारलेल्या. कडेला दिराचा हात जोडलेला फ्लेक्स, नारायणगडाच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांचं स्वागत करणारा. आणि रेघांच्या मधे पाव्हण्यांची समाधी, तिच्यापाशी बसलेली बहिणीची सासू. मी तिला मावशी म्हणते. ती दर सोमवारी यायची. तांब्याभर पाणी घालायची, बेलाची पानं वाहायची आणि थोडा वेळ बसायची. मला बघून ती ओळखीचं हसली. मी तिच्याशेजारी टेकले. तिला काही माहीत नव्हतं. सून तिकडे अडकली आहे, काहीतरी पासपोर्टचं झालंय, एवढंच तिला घरात सांगितलेलं.

मी तोंड उघडायच्या आत दीर आला. सोबत एक चुन्याची बादली धरलेला माणूस.

"अक्का, तुमी? कावून आलाव?"

"पाव्हण्यांना भेटायला. जाळलंय म्हणून ऐकलं, म्हटलं बघून यावं."

त्याचा चेहरा उतरला. बादलीवाला म्हणाला, "कोन हाय ही?" दीर त्याच्यावर खेकसला, "गप बे. पाव्हणी हाय." मग माझ्याकडे वळला. आवाज खाली आणला.

"ते ल्ह्यायनाऱ्याचं चुकलं हो अक्का. तुमी काय मनावर घेताव."

"सही कुणाची हाय?"

"मपलीच हाय. ते म्हणले कर, केली. ठाण्यात कोन वाचत बसतंय?"

"माझ्या बहिणीनं वाचली म्हणून तर तुमी तिला खुनी केलंत."

मग तो बिथरला. ही समाधी त्याला तिथून हलवायचीच होती. प्लॉटिंगचा आतला रस्ता तिथूनच जातो. "हलवली की मंग काय दावणार हाव तुमी तुमच्या लंडनच्या बाईला?" असं तो म्हणाला, आईच्या समोर.

मी उठले. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण जाणाऱ्या दोन मोटारसायकली थांबल्या.

"हलवा की! आत्ता हलवा! पण तहसीलदाराला बोलवा, डॉक्टरला बोलवा, अन् त्यांच्या डोळ्यांदेखत उकरा. विष घातलं म्हणताव ना? हाडं खोटं बोलत न्हाईत. चला, खोरं आणा, पहिला घाव मी घालते."

तो दोन पावलं मागे सरला. खरं सांगायचं तर मीही आतून हलले होते. बसवलेल्या माणसाला उकरायचं, हे आमच्या तोंडून निघणं सोपं नाही. पण विष घातलं असं ज्याला मनापासून वाटतं, तो एवढा कासावीस का होईल? त्याला ते उकरायला नको होतं, कारण आत काही सापडणार नाही हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात मावशी बोलली. खाली बसूनच.

"कुणाला जाळलं म्हंतीस गं?"

"आई, तू घरी चल."

"तू थांब. कुणाला जाळलं?"

मी सांगितलं. विषाचं सांगितलं, चितेचं सांगितलं, राखेचं सांगितलं, आणि खाली सही कुणाची आहे तेही सांगितलं. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. मग ती मुलाकडे वळली. ओरडली नाही.

"तू खाली उतरलावतास. त्याची मान कलायली म्हणून म्या वरून वरडले, तवा तू हनुवटी धरलीस त्याची. माती गळ्याला येस्तोवर धरलीस. अन् आता जाळला म्हून ल्हेलास?"

दीर बादलीवाल्याला काहीतरी बोलला, मोबाइल कानाला लावला आणि निघून गेला. पलीकडे कुणी होतं असं मला वाटत नाही.

त्या दिवशी मावशी माझ्यासोबत आली नाही. मी गळ घातली नाही. धाकट्याच्या घरात राहते, त्याच्या ताटात जेवते, आणि आता एकच लेक उरला आहे. एवढं सगळं असताना त्याच्या विरोधात लिहून दे असं तोंड वर करून मी कशी म्हणणार? परतीच्या जीपमध्ये मला वाटलं, संपलं. वाटेत बहिणीचा फोन आला तो मी उचलला नाही, कारण तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मधे काही दिवस गेले. मग एका सकाळी दुकान उघडते तर पायरीवर मावशी. एसटीनं एकटी आली होती. हातात एक कापडी पिशवी, त्यात भाकरी आणि एक नेसायचं लुगडं. घरातून हाकललं का, विचारलं, तर भडकली.

"मला कोन हाकलतंय? घर मपल्या नवऱ्याचं हाय. चल, कुठं ल्ह्यायचं ते दाव."

वकीलसाहेबांनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. आजी, हे तुमच्या लेकाच्या विरोधात जाईल, कळतंय ना? ती म्हणाली, "इरोधात कावून? जे झालं ते सांगायले." मग सांगितलं. कुणी न्हाऊ घातलं, कुणी विभूती लावली, कुठल्या हातावर लिंग ठेवलं, कोण खाली उतरलं. वकीलसाहेबांनी विषाचं विचारलं. सून जेवणात काही घालत होती का?

"गोळ्या देत व्हती. डाक्टरनं ल्हून दिलेल्या. ती नसली की म्या देत व्हते. मंग मला बी धरा की! घाला मला बी पट्टा!"

वकीलसाहेबांनी मान खाली घालून तेही लिहिलं, पट्टा सोडून. लिहून झाल्यावर अंगठा लावायला कागद पुढे केला, तर मावशीनं हात मागे घेतला. म्हणाली, आधी वाचून दाखवा. वाचून दाखवलं. म्हणाली, अजून एकदा. मी बाजूला बसून रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

ते प्रतिज्ञापत्र, समाधीचे फोटो आणि दिराचं ते शुभेच्छांचं स्टेटस लंडनच्या कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी सरकारच्या वकिलाला विचारलं, चितेचा पंचनामा आहे का? त्यांनी सांगितलं, माहिती मागवली आहे. तारीख दिली. पुढच्या तारखेलाही माहिती यायचीच होती. मूळ जबाबही यायचा होता, दैनंदिनीही यायची होती. तिसऱ्या वेळी न्यायाधीशांनी वाट पाहणं थांबवलं. सरकार खोटं बोललं असं मी म्हणत नाही, असं ते म्हणाले. पण या तक्रारीमागे जमीन आहे, जबाब ज्याचा म्हणून दिला आहे त्याचा तो वाटत नाही, आणि जे मागितलं ते दाखवलेलं नाही. या बाईला पाठवणं म्हणजे या कोर्टाचा गैरवापर होऊ देणं आहे. तो मी होऊ देणार नाही.

"अक्का, सोडलं," बहीण म्हणाली.

मी दुकानातली सगळ्यात मोठी परात खाली घेतली, पालथी घातली आणि झाऱ्यानं बडवली. बाजारातली माणसं धावत आली. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं अक्का गेली. मी सगळ्यांना सांगितलं, पेढे आणा, पैसे मी देते.

पेढा तोंडात असतानाच वकीलसाहेब आले आणि त्यांनी उरलेलं सांगितलं. तिकडून सुटली, इकडून नाही. लंडनच्या कोर्टानं पाठवायला नकार दिला एवढंच. इथला गुन्हा तसाच आहे, वॉरंट तसंच आहे. ती हौसेनं घरी यायला निघाली तर विमानतळावरच धरतील. इथली केस मोडायची तर हायकोर्टाच्या खंडपीठात जावं लागेल, आणि तिथे किती वर्षं जातील हे त्यांनाही माहीत नाही. मावशीला तिथे स्वतः उभं राहावं लागेलच असं नाही, पण लागूही शकतं.

सोमवारी मी पुन्हा गावाला गेले. मावशी वावरातच होती. चुन्याच्या रेघा पायांनी पुसल्या होत्या. कुणी पुसल्या ते मी विचारलं नाही. सून सुटली म्हटल्यावर तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं आणि विचारलं, "मंग कवा येती?"

मला सांगावं लागलं. यायचं नाही, मावशी. इथली केस तशीच आहे, आली की धरतील. तिकडच्यांनी ऐकलं, इकडच्यांनी अजून ऐकलेलं नाही.

ती समाधीकडे वळली. मग तांब्यातलं उरलेलं पाणी ओतलं, पदराला हात पुसले आणि गुडघ्यावर जोर देऊन उठली.

"ते कोर्ट कुठं हाय?"

"संभाजीनगरला. लई लांब हाय, मावशी. वकीलसाहेब बघतील, तुम्ही कशाला..."

"लांबचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हितून कोणती एस्टी जाती ते सांग."